साळवे मॅडमनी ‘वाचलं’ एवढंच लिहिलं

साळवे मॅडमना माझं काम पसंत होतं की नाही, हे चार वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलाला बसूनही मला समजलं नाही. त्या कधी रागावल्या नाहीत. कुणाचं काम ‘चुकलंय’ असं म्हणाल्याचं आठवत नाही आणि ‘छान झालंय’ असंही नाही. माझे कागद परत यायचे ते पेन्सिलीच्या गोलांनी भरून, आणि प्रत्येक गोलाशेजारी त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरात एकच शेरा असायचा: कळलं नाही.

संगमनेरला नाशिक–पुणे रस्त्यालगत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. दूध शीतकरण केंद्रांसाठी आम्ही एक पेटी बनवत असू. गावच्या केंद्रात दुधाची मोठी स्टीलची टाकी असते. टाकीतलं दूध किती गार झालंय ते बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, आकडा पडद्यावर दाखवायचा आणि तोच संगमनेरला कळवायचा, हे त्या पेटीचं काम. पेटी म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. कुठल्याही कॉम्प्युटरच्या तळाशी एक प्रोग्राम असतो, जो बाकी सगळ्या प्रोग्रामांना वेळ आणि जागा वाटून देतो. त्याला कर्नल म्हणतात. तो अडकला की वरचं सगळं अडकतं. म्हणून कर्नलमध्ये कुणी काही बदल सुचवला की तो आधी साळवे मॅडमकडे तपासायला जायचा. तळमजल्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिथले जगताप काका बरेच दिवस समजत होते की वरच्या मॅडम मिलिटरीतल्या कुणा कर्नलच्या चुका काढतात. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू द्या, तेवढाच मान.”

लता साळवे मूळच्या कोल्हारच्या. रोज तिथूनच लोणीमार्गे एसटीनं यायच्या. आयटीआय झालेल्या, टेलिफोन खात्यात वीसेक वर्षं नोकरी केलेल्या, एक्स्चेंज आटोपत आलं तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेल्या. प्रोग्रामिंग त्या वयाच्या चाळिशीनंतर शिकल्या, तेही पुस्तकं आणून आणि दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून. स्वतः फारसं लिहीत नसत. वाचायच्या मात्र सगळं. पडद्यावर नाही, कागदावर. पाठकोऱ्या कागदांवर छापून घ्यायच्या आणि स्टीलची पट्टी एकेका ओळीखाली सरकवत ओठातल्या ओठात वाचायच्या. हातात कागद असेल तोपर्यंत समोरच्याला ‘तुमी’, मग तो काल लागलेला मुलगा का असेना. कागद खाली ठेवून डबा उघडला की मी पुन्हा ‘तू’.

पुण्यात दोन वर्षं नोकरी करून मी परत आले होते, त्यामुळे सुरुवातीला माझ्या अंगात थोडी हवा होती. माझा पहिला बदल दहा ओळींचा होता. अकरा गोल घेऊन परत आला. मी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसले आणि तासभर समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

“आता तुमचं बोलनं कळलं,” त्या म्हणाल्या. “कागद अजून न्हाई कळला.”

“पण मॅडम, मी तेच सांगितलं ना?”

“मग कागदात बी तेच सांगा की.”

आता हे वाचून वाटेल, की बाईंना सगळं आधीच कळलेलं असायचं आणि दुसऱ्याला त्याची चूक सापडावी म्हणून त्या अजाणपणाचं सोंग घ्यायच्या. मलाही काही महिने तसं वाटत होतं. पण मग एकदा पुण्याहून एक पाहुणे आले, मोठ्या कंपनीतले. बोलता बोलता त्यांनी एक शब्द वापरला, जो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतो. मॅडमनी सरळ विचारलं, “म्हंजी काय?” मला त्यांच्या वतीनं लाज वाटली. पाहुण्यांनी हसून अर्थ सांगितला, मॅडमनी वहीत लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांचा फोन आला, की आपण काल सांगितलं त्यात जरा गडबड होती. मॅडम म्हणाल्या, “व्हय, मला बी न्हाई कळलं ते.” आणि नवा अर्थ जुन्याखाली लिहून ठेवला, जुना न खोडता. त्यांना तो शब्द आधी माहीत होता का? मी पुढे एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, “वाटत हुतं माहीत हाय.” एवढ्यावर मी काय समजायचं?

त्यांचा आणखी एक हट्ट आमचे मालक नितीन सर यांना छळायचा. बदल मंजूर झाला की त्याच्या शेवटी ‘तपासलं’ असं लिहून खाली नाव टाकायची पद्धत होती. मॅडम ‘तपासलं’ लिहायला महिना-महिना घेत. सर म्हणायचे, “अहो, वाचलंत ना पूर्ण?” तर म्हणायच्या, “वाचलंय. तपासलं न्हाई.” पेटीवर चालवून, ती मुद्दाम बिघडवून, दुरुस्त करून पाहिल्याशिवाय तो शब्द त्यांच्या पेन्सिलीतून उतरत नसे.

टेलिफोन खात्यातली एक गोष्ट त्यांनी जेवताना सांगितली होती. प्रवरेच्या पलीकडच्या एका वस्तीवरच्या फोनबद्दल मुंबईहून त्या घरच्या मुलाची तक्रार यायची, की लाईन बंद आहे. मॅडम एक्स्चेंजमधून रिंग देऊन बघायच्या. फोन उचलला जायचा, पण पलीकडून आवाज नाही. त्यांनी दोनदा वहीत ‘तपासली, ठीक’ असं लिहिलं. तिसऱ्या तक्रारीला सायकल काढून गेल्या. घरात एक म्हातारी एकटीच. अंगावरून वारं गेलेलं, ऐकू सगळं यायचं, वाचा मात्र गेलेली. मुलाचा फोन म्हणून हौसेनं उचलायची आणि धरून बसायची. शेजाऱ्यांनी मुलाला कळवलं नव्हतं, काळजी नको म्हणून.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. तिला शिकवलं, नखानं टकटक करायचं. एकदा म्हंजी व्हय, दोनदा म्हंजी न्हाई. मुलाला फोन लावून सांगितलं. लई रडला.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “पन मी दोनदा ‘ठीक’ लिवलं हुतं. ती वही अजून खात्यात असंल.”

माझा जो बदल सात वेळा परत आला, त्याची हकीकत अशी. आमच्या पेट्या मधूनच अडकायच्या. पडदा थिजायचा, बटणं दाबून उपयोग नसायचा, संगमनेरहून आत शिरता यायचं नाही. पण आम्ही इथून नुसती हाक पाठवली की पेटी ‘ओ’ द्यायची. म्हणजे कर्नलचा कुठलातरी कोपरा जागा असायचा. तो का अडकला, हे कधी कळायचं नाही, कारण केंद्रातली माणसं वीज बंद करून चालू करत आणि आतल्या सगळ्या खुणा पुसून जात. डोंगरात, अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, तेही करायला कुणी नसलं तर आमचा माणूस जीपनं तीन तास जायचा, एक बटण दाबायचा आणि परत यायचा.

मी असं सुचवलं, की त्या जाग्या कोपऱ्याला एक खास संदेश ओळखता यावा. आम्ही संगमनेरहून परवलीच्या शब्दासकट तो पाठवायचा. तो मिळाला की कर्नलनं आधी आतलं प्रत्येक काम कुठं थांबलंय ते लिहून काढायचं आणि मग स्वतःला नव्यानं सुरू करायचं. मला ही कल्पना फार आवडली होती. नितीन सरांनाही.

मॅडमचे पहिल्या फेरीचे गोल सरळ होते. परवलीचा शब्द सगळ्या पेट्यांना एकच का? एक फुटला तर सगळ्या फुटतील. ते मी बदललं. अडकलेल्या पेटीत संदेशासाठी नवी जागा मागताय, ती देणार कोण? तेही बदललं. तिसऱ्या, चौथ्या फेरीत गोल कमी होत गेले. सातव्या फेरीला एकच उरला, शेवटच्या चार ओळींभोवती, जिथं पेटी स्वतःला नव्यानं सुरू करते.

“यात न कळण्यासारखं काय आहे?” माझा आवाज चढला असावा.

“पेटी बंद पडलीय, हे ठरवलं कोनी?”

“आपण. ती उत्तर देत नाही म्हणून तर संदेश पाठवतोय.”

“आपल्याला देत न्हाई. टाकीला देत असंल तर?”

मला हे उगाच ताणणं वाटलं. मॅडमनी नितीन सरांना सांगितलं, की पुढची पेटी अडकेल ती कुणी बंद करू नका, मला अडकलेल्या अवस्थेतच बघायचीय.

तसा फोन श्रावण संपता संपता आला. भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका गावचं केंद्र. आम्ही दोघी पहाटेच निघालो आणि आठच्या सुमाराला पोचलो. सकाळचं दूध येत होतं. बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. केंद्राचे सचिव किसनराव वजन करून दूध टाकीत ओतत होते. पडदा थिजलेला. पण मागच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्रेसर चालू होता. मॅडमनी टाकीला हात लावला, मग मागं जाऊन कॉम्प्रेसरला, आणि माझ्याकडे बघितलं. आतलं गार करायचं काम चालूच होतं. फक्त पडदा आणि आमच्याशी बोलणं बंद होतं. माझे कान तापले.

“मॅडम, बंद करून चालू करून द्या ना,” किसनराव म्हणाले. “आमी दरवेळी तेच करतो. लगेच चालतं.”

“थोडा वेळ द्या. कुठं अडकलंय ते बघते. गार तर करतंय ते.”

त्यांनी पेटीला तार जोडून तिचं दुसरं टोक लॅपटॉपला लावलं आणि कर्नलला हुकूम दिला: आतल्या सगळ्या कामांची यादी दे. यादी त्या बारक्या तारेवरून एकेक ओळ उतरू लागली. मला आठवतं, मॅडम पट्टी नसल्यामुळं बोटानं वाचत होत्या. बराच वेळ गेला. यादी संपली आणि, का कुणास ठाऊक, पडदा जिवंत झाला. सहा पॉइंट दोन. बाहेर उभ्या बायकाही हसल्या. किसनराव म्हणाले, “आयला, बंद न करता चालू केलं की. मॅडम, तुमी लई हुशार.” मॅडम चक्क लाजल्या. मी त्यांना लाजताना तेवढंच एकदा पाहिलं.

थोड्या वेळानं कॉम्प्रेसरचा आवाज बंद असल्याचं लक्षात आलं. “दूध गार झालं, म्हनून थांबला,” किसनराव म्हणाले. ते खरंही असू शकत होतं. दूध गार झालं की तो थांबतोच. चहा आला. आम्ही ओसरीवर बसून यादी वाचायला घेतली. पडद्यावर सहा पॉइंट दोन होतं. चहा पिऊन झाला तेव्हाही सहा पॉइंट दोन होतं. मी ते पाहिलं. मनात आलं, ताजं दूध ओतलं तरी आकडा हलत कसा नाही? मग वाटलं, मॅडम बसल्यात ना इथं, त्यांनी पाहिलंच असेल. आणि मी मान खाली घालून पुन्हा यादीत शिरले.

दुपारी टँकर आला. टँकरवाल्यानं झाकण उघडून वास घेतला, नमुना काढून तपासला आणि मान हलवली. दूध नासायला लागलं होतं.

काय झालं ते आम्हाला तिथंच कळलं. यादी उतरत होती तेवढा वेळ कर्नलनं दुसरं काहीही करू दिलं नव्हतं. गार करण्याच्या कामाला आपली पाळीच मिळाली नाही. इतका वेळ पाळी चुकली की सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर बंद करून स्वतः थांबायचं, असा त्याचा नियम. ते नियमानं थांबलं. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला. म्हणजे पेटी खरोखर मेली ती आम्ही तिची विचारपूस केल्यामुळं.

मॅडमनी किसनरावांना सांगितलं, “संध्याकाळी बाया दूध घालायला येतील तवा मला बोलायचंय.” पेटी बंद करून पुन्हा चालू केली आणि आम्ही थांबलो. दूध ओढ्याकाठच्या खड्ड्यात ओतलं गेलं, ते आम्ही पाहिलं. संध्याकाळी केंद्रापुढं पंधरा-वीस बायका जमल्या. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सकाळचं दूध माझ्यामुळं गेलं. किसनराव म्हनत हुते बंद करून चालू करा. मी न्हाई ऐकलं. ऐकलं असतं तर दूध ऱ्हायलं असतं.”

मग हौसाबाई नावाच्या एका म्हातारीनं विचारलं, “पन बाई, तुमी आल्या तवा ते मशीन जित्तं हुतं का मेलेलं?”

“जित्तं हुतं.”

“मग त्याला कशापायी हात लावला?”

“ते मला बी कळंना,” मॅडम म्हणाल्या.

परतीच्या जीपमध्ये मी सांगायचं ठरवलं होतं, की आकडा हलत नव्हता ते मी पाहिलं होतं. राजूर मागं पडलं, अकोले आलं, तरी मी सांगितलं नव्हतं. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “सहा पॉइंट दोन. दोनदा बघितलं मी. वाटलं, विचारावं. मग म्हनलं, आत्ताच तर हुशार म्हनाले.” मी माझं सांगितलं ते त्यानंतर. त्यांनी ऐकलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. तो माफीचा होता, समजुतीचा होता की ‘आता गप्प बस’ असा होता, मला आजही सांगता येणार नाही.

मग माझा गोंधळ खरा सुरू झाला. कारण हिशेब केला तर असा निघत होता: जो बदल मॅडम सात वेळा अडवून बसल्या होत्या, तो त्या पेटीत असता तर यादी काढून पेटी नव्यानं सुरू झाली असती, कॉम्प्रेसर लागला असता आणि दूध राहिलं असतं. पण संदेश आम्ही पाठवला असता तो चांगल्या चाललेल्या पेटीला, मेली समजून. मग बरोबर कोण होतं? मी नितीन सरांना विचारलं. सर म्हणाले, “वैशाली, मला एवढंच सांग, आता ते घालायचं का नाही?”

मी बदल पुन्हा लिहिला. यादी तारेवर उतरवायची नाही, आतच थोडक्यात लिहून ठेवायची, गार करण्याच्या कामाची पाळी न चुकवता. संदेश आला की आधी कॉम्प्रेसरचं काम चालू आहे का ते बघून कळवायचं. नव्यानं सुरू करण्यासाठी वेगळा, दुसरा संदेश. मॅडमनी तो आठव्यांदा छापून घेतला. आमच्याकडच्या पेटीवर त्यांनी तो पंधरा दिवस चालवला, नाना तऱ्हांनी अडकवून पाहिला. सोळाव्या दिवशी कागद माझ्या टेबलावर आला. त्यावर एकही गोल नव्हता. शेवटी लिहिलं होतं: ‘वाचलं. हा बदल त्या दिवशी असता तर दूध गेलं नसतं. शेवटचा भाग मला अजून कळलेला नाही. ल. साळवे.’

“मॅडम, इथं ‘तपासलं’ लागतं,” नितीन सर म्हणाले. “पंधरा दिवस तपासलंतच की तुम्ही.”

“तुमी लिवा ‘तपासलं’,” त्या म्हणाल्या. “तुमचा बी अधिकार हाय.”

सरांनी लिहिलं. बदल सगळ्या पेट्यांत गेला. तो चांगला चालतो. अडकण्याचं मूळ कारणही आता पेटी आतच लिहून ठेवते त्या यादीतून सापडलं, आता पेट्या क्वचितच अडकतात. पण दुसरा संदेश, नव्यानं सुरू करण्याचा, पाठवायची वेळ येते तेव्हा माझं बोट थांबतं. मी आधी केंद्रात फोन करते आणि कुणालातरी टाकीला हात लावून बघायला सांगते.

मॅडमनी त्या दिवाळीनंतर काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, रोजचा एसटीचा प्रवास आता झेपत नाही. ते खरं असेल. दुधाचं मनाला लागलं असेल, किंवा माझ्या बदलाचं. किंवा खरंच एसटीचं. निरोपाच्या दिवशी पेढे वाटले, जगताप काकांना खाली जाऊन स्वतः दिले, आणि आपली वही, जुने-नवे सगळे अर्थ लिहिलेली, घरी घेऊन गेल्या. मला ती हवी होती. मी मागितली नाही.

मागच्या उन्हाळ्यात शिर्डीकडून नगरला जाताना आमची गाडी कोल्हारच्या चौकात अडली. एक कांद्याचा टेम्पो गल्लीत उलटा घालायचा होता आणि दोन्ही बाजूंची वाहनं खोळंबली होती. टेम्पोच्या मागं, डोक्यावर पदर, पायात बूट, साळवे मॅडम उभ्या होत्या. एका हातात भाजीची पिशवी होती आणि दुसऱ्या हातानं त्या ड्रायव्हरला इशारा करत होत्या. “येऊ द्या, येऊ द्या.” मी काच खाली करून हाक मारली, पण हॉर्नच्या गोंगाटात ती पोचली नसावी. टेम्पोचं मागचं चाक गटाराच्या कडेशी आलं. त्यांनी मागच्या फाळक्यावर थाप मारून गाडी थांबवली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन म्हणाला, “अजून किती, मावशी?” त्या पिशवी खाली ठेवून रस्त्यावर गुडघ्यावर बसल्या, चाकाखाली वाकून बघितलं आणि उठून दोन बोटांत अंतर धरून त्याला दाखवलं. आमच्या ड्रायव्हरला तेवढ्यात वाट मिळाली आणि आम्ही पुढं निघालो.